खात्रीचा थर्मामीटर

सून सकाळी तोंडात थर्मामीटर धरून पडलेली असते, हे रेक्टरबाईंना समजले ते एका साध्या प्रश्नाला सरळ उत्तर न मिळाल्यामुळे. त्यांनी मुलाच्या खोलीच्या दारावर टकटक करून विचारले, "चहा टाकू का गं?" आतून उत्तर आले, "ऊं." हो नाही, नको नाही, नुसते ऊं. दुसऱ्या सकाळीही ऊं. त्यानंतरच्या सकाळी त्यांनी दार ढकलले. मुलींचे वसतिगृह चालवण्यात जिचे निम्मे आयुष्य गेले, तिला बंद दार हे केवळ दार वाटत नाही, गुन्ह्याची कबुली वाटते.

आत सून पाठीवर सरळ पडली होती. डोळे छताकडे, ओठ घट्ट मिटलेले आणि ओठांतून काचेची नळी बाहेर आलेली. शेजारी त्यांचा मुलगा मोबाइलमधल्या घड्याळाकडे टक लावून बसला होता. तो इमारतींच्या लिफ्ट तपासायचे काम करतो, आणि एखादी लिफ्ट मजल्यावर नीट थांबते की नाही हे पाहताना जो चेहरा करतो तोच त्याने या वेळी केला होता.

"ताप आहे का हिला?" रेक्टरबाईंनी विचारले.

सुनेने पापणीही हलवली नाही. मुलगा म्हणाला, "नाही गं आई. सहज."

सहज! रेक्टरबाईंच्या अनुभवात मराठी भाषेत याहून गुन्हेगार शब्द नव्हता. मुली गच्चीवर सहज जात, फाटकाशी सहज उभ्या राहत, आणि त्यांचे मावसभाऊ म्हणवणारे तरुणही रस्त्याने सहजच जात असत. ताप नसताना जी बाई रोज ताप मोजते ती पुढे येणाऱ्या तापाची तयारी करते आहे, हे ओळखायला त्यांना फार विचार करावा लागला नाही.

या विषयातला त्यांचा अधिकार मोठा होता. चहात बुडवून आणलेला ताप, दिव्याला टेकवून आणलेला ताप, पांघरुणावर घासून आणलेला ताप, या सर्व जाती त्या लांबून ओळखत. (चहातल्या तापाला तर चक्क आल्याचा वास येई.) तपासणीच्या दिवशी सकाळी एखादी मुलगी कण्हू लागली की रेक्टरबाई कपाटातून स्टीलची एक अरुंद डबी काढीत. तीत कापसाच्या गादीवर त्यांचा स्वतःचा थर्मामीटर निजलेला असे. तो तोंडात ठेवायचा, वाचायचा, आणि म्हणायचे, "काही नाही. चल, वर्गात." त्या निकालावर अपील नव्हते. त्यांच्या सबंध कारकिर्दीत त्या वसतिगृहात कोणाला ताप म्हणून फारसा आलाच नाही. निरोपसमारंभात विश्वस्तांनी या गोष्टीचा आवर्जून उल्लेख केला होता, आणि पुढच्या दोन रांगा खोकत होत्या तरीही टाळ्या चांगल्या पडल्या होत्या.

तेव्हा प्रश्न एवढाच होता की सुनेला आजारी कशासाठी पडायचे आहे. याचेही उत्तर समोर होते. रेक्टरबाईंनी घराच्या सफाईचा दिवस नुकताच जाहीर केला होता. सफाई म्हणजे माळे रिकामे करणे, पडदे उतरवणे आणि कपाटे भिंतीपासून ओढून त्यांच्या पाठी पुसणे. सून बसगाड्यांच्या कचेरीत वेळापत्रके बसवण्याचे काम करी. कोणती गाडी कुठे गाठता येईल आणि कोणती चुकेल, हे तिला आठवडेच्या आठवडे आधी कळे. अशा बाईने सफाईच्या दिवशी बरोबर ताप गाठला तर त्यात नवल ते काय?

समोरासमोर विचारणे त्यांना कमीपणाचे वाटले. गुन्हेगाराला आधी सावध करायचे आणि मग पकडायचे, ही त्यांची रीत नव्हती. सून अंघोळीला गेलेली पाहून त्या खोलीत शिरल्या, उशाजवळचा थर्मामीटर उचलला, आणि त्या जागी आपला ठेवला. दोन्ही काचेचे, दोन्हींची चण सारखी. जुळ्या बहिणींत असतो तेवढाही फरक त्यांच्यात दिसत नव्हता. बाहेर येताना रेक्टरबाईंना किंचित चोरट्यासारखे वाटले, पण परीक्षा घेणाऱ्याने परीक्षा सांगूनच घ्यावी असा कुठे नियम आहे, असे म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली.

दुसऱ्या सकाळी त्या दाराबाहेर टेबल पुसत होत्या. ते टेबल स्वच्छच होते, पण दाराला लागून होते.

आतून मुलाचा आवाज आला. "किती?"

मग सून म्हणाली, "उतरलं."

"परत बघ."

"बघितलं. उतरलं रे."

रेक्टरबाईंनी टेबल पुसणे थांबवले. पकडली! खऱ्या थर्मामीटरने खोट्या तापाचे एका रात्रीत पाणी केले होते. त्यांनी त्या दिवशी चहा अंमळ जास्तच चांगला केला.

पण सून बाहेर आली ती भांडायला नाही. तोंड धुऊन, केस वर बांधून ती म्हणाली, "आई, पडदे काढायचे होते ना? मी काढते." आणि स्टुलावर चढली. दुपारी तिने माळा रिकामा केला. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर कपाट एकटीने ओढले. काही बोलली नाही, बसली नाही, एका गालावर हात दाबून पुसतच राहिली.

इथे रेक्टरबाईंच्या मनात पाल चुकचुकली. पकडलेल्या मुली त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. पकडलेली मुलगी रडते, उलट बोलते, वडिलांना घेऊन येते. पकडली गेल्यावर आपणहून कपाटाची पाठ पुसणारी मुलगी त्यांना आजवर भेटली नव्हती. जी इतक्या मुकाट्याने हार मानते तिने एक तर गुन्हा केलेलाच नसतो, किंवा तिने आपल्याला न कळलेला आणि फारच मोठा गुन्हा केलेला असतो. रेक्टरबाईंनी दुसरी शक्यता गृहीत धरली.

या शोधात त्या समोरच्या दारी गेल्या. समोर एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहत. त्यांना सगळे शिवणबाई म्हणत, आणि त्यांच्या मापाच्या टेपेला इमारतीतल्या प्रत्येक घरातली गोष्ट ठाऊक असे.

"या रेक्टरबाई," तोंडातल्या टाचण्या काढत शिवणबाई म्हणाल्या. "मीच येणार होते. मग, बातमी कधी सांगताय?"

"कसली बातमी?"

"घ्या! आता माझ्यापासून लपवणार? अहो, तुमची सून मागे ड्रेसचं माप द्यायला आली. म्हणाली, कमरेत जरा ढिला ठेवा. टेप लावली तर म्हणते, छातीशी हळू हं, दुखतंय. मशीनला तेल घातलं होतं, त्याचा वास आला तर नाक धरून दाराशी जाऊन उभी राहिली. आणि मग या खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी! तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?"

रेक्टरबाईंनी त्या खुर्चीकडे पाहिले. इमारतीतल्या टेपेला जे समजले ते घरातल्या सासूला समजले नव्हते. आणि त्यातली प्रत्येक गोष्ट त्यांनी स्वतःही पाहिली होती! डुलक्यांची नोंद त्यांनी आळसात केली होती, चहाचा पेला दूर सारण्याची नखऱ्यात, आणि कमरेत ढिल्या ड्रेसची नोंद करायचेच राहून गेले होते.

"तुम्ही सासू ना?" शिवणबाईंनी मान कलती केली. "तुम्हाला सांगितलं नाही की काय?"

"सांगितलं आहे," रेक्टरबाई म्हणाल्या. "मी आपली तुमची परीक्षा बघत होते."

"कितवा मग?"

"ते आम्ही योग्य वेळी जाहीर करू," असे म्हणून त्या परतल्या. त्यांची पाठ ताठ होती, पण चपला त्या दारातच राहिल्या होत्या, आणि त्या आणायला परत जाणे हे ताठ पाठीला शोभणारे नव्हते.

मुलगा घरीच होता. रेक्टरबाई त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. चौकशी सुरू करताना त्या नेहमी खुर्ची ओढीत.

"माझ्यापासून काय लपवताय तुम्ही दोघं?"

"काही नाही गं."

"शिवणबाईला ठाऊक आहे ते मला ठाऊक नाही. उद्या दूधवाला माझं अभिनंदन करील, मग मी काय बोलू?"

मुलाने मोबाइल बाजूला ठेवला. मग खाली बघत म्हणाला, "अभिनंदनासारखं काही उरलं नाही, आई."

आणि मग तो आईशी आयुष्यात कधी बोलला नव्हता असले सगळे बोलला. एरवी तो भार, दोर आणि ब्रेक यांपलीकडे बोलत नसे. त्यामुळे त्याला शब्द सापडायला वेळ लागत होता. "तो ताप नव्हता गं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. सकाळी उठायच्या आधी, बोलायच्याही आधी अंगाची ऊब मोजायची. हललं, बोललं की आकडा बिघडतो."

"म्हणून ऊं?"

"म्हणून ऊं. महिन्याच्या मध्यावर अंडं सुटलं की अंग किंचित गरम होतं. पाळी जवळ आली की बहुतेक वेळा उतरतं. आणि दिवस राहिले तर उतरत नाही, वरच राहतं. दर महिन्याला उतरायचं. या वेळी वरच होतं. तारीख जवळ आली तरी वर."

"आणि त्या डुलक्या? वास?"

"त्यावर विसंबू नका म्हणाल्या. पाळी यायची असली तरी तीच लक्षणं, दिवस राहिले तरी तीच. शेवटी चाचणीच खरी. आम्ही चाचणी करणारच होतो, पण तेवढ्यात उतरलं. एकदम उतरलं. मग हिला धीर झाला नाही. म्हणाली, कशाला? एकटी रेघ बघायला?"

एकच लक्षण दोन्ही बाजूंनी साक्ष देते, हे ऐकून रेक्टरबाईंना मानवी शरीराचा मनापासून राग आला. इतका लबाड साक्षीदार त्यांनी वसतिगृहातही पाहिला नव्हता. पण रागाच्या मागून दुसरेच काहीतरी येत होते, आणि ते काय आहे हे त्यांना अजून पाहायचे नव्हते.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू रोज विचारलं असतंस."

"मी? मी कशाला विचारीन?"

मुलाने बोटे मोजायला सुरुवात केली. दाखले पुष्कळ होते.

"कुठे आहे ती?"

"दातांच्या डॉक्टरकडे. दाढ ठणकतेय तिची केव्हाची. या आशेवर गोळी घेतली नाही, एक्स-रे काढला नाही. आता म्हणाली, काही उरलं नाही तर निदान दाढेचं तरी बघते."

"आणि ते... उतरलं कधी म्हणालास?"

त्याने सांगितले. तीच सकाळ. टेबल पुसण्याची.

एवढ्यात मुलाचा मोबाइल वाजला. कुठल्याशा इमारतीत कोणी लिफ्टमध्ये अडकले होते. तो हत्यारांची पिशवी घेऊन धावत गेला. रेक्टरबाई त्याला काही सांगणार होत्या की नाही, हे त्यांनाही नक्की माहीत नव्हते. तो गेला, याचे त्यांना दुःख झाले नाही, एवढे मात्र खरे.

त्यांनी सुनेचा थर्मामीटर आपल्या डबीतून काढला, तिच्या उशाजवळचा आपला आणला, दोन्ही झटकले, आणि एका वाटीत कोमट पाणी घेऊन दोन्ही त्यात उभे केले. सुनेचा वर चढला. त्यांचा खालीच राहिला. पुन्हा झटकले, पुन्हा बुडवले, तेच. अर्थातच सुनेचा बिघडलेला असणार. बाजारात हल्ली मिळते काय! पण निकाल देण्याआधी तिसरे मत घेणे बरे, म्हणून त्या शिवणबाईंच्या दारी गेल्या. आता चपलाही घालता येणार होत्या.

"थर्मामीटर? कोणाला ताप आलाय?"

"वाटीला," असे म्हणून रेक्टरबाईंनी तो घेतला.

शिवणबाईंचा थर्मामीटर सुनेच्या बाजूने उभा राहिला. दोघांचा पारा एका रेघेवर, आणि रेक्टरबाईंचा एकटा खाली. त्यांनी तो खिडकीशी नेऊन, चष्मा लावून, चष्मा काढून, उजेडात फिरवून पाहिला. नळीच्या पार वरच्या टोकाला पाऱ्याचा एक बारीक तुकडा तुटून चिकटला होता. खालच्या पाऱ्यात तेवढी तूट. केव्हापासून होती कोणास ठाऊक! त्या डबीत तो निजला होता तेव्हापासून असेल.

रेक्टरबाई स्टुलावर बसल्या. त्यांच्या डोळ्यांपुढून मुली जाऊ लागल्या. लाल डोळ्यांच्या, तापलेल्या गालांच्या, "खरंच हो रेक्टरबाई" म्हणणाऱ्या, आणि वही घेऊन वर्गात जाणाऱ्या. विश्वस्तही आठवले. टाळ्या आठवल्या. खोकला जास्त आठवला.

अजूनही एक मार्ग होता. दोन्ही थर्मामीटर गुपचूप जागच्या जागी ठेवायचे, आणि कोणाला काही सांगायचे नाही. सांगितले तर त्यांचा सगळा निकाल रद्द होत होता, आणि सांगूनही सुनेच्या पोटात काही आहे याची हमी त्या देऊ शकत नव्हत्या. मोडलेली आशा पुन्हा उभी करायची आणि पुन्हा मोडली तर काय? हा विचार त्यांनी प्रामाणिकपणे केला. मग त्यांना एक्स-रेचे यंत्र आठवले, आणि त्या उठल्या. सुनेला मोबाइल लावला तर तो बंद. दवाखान्याचा नियम असणार. नियम पाळणाऱ्या लोकांचा त्यांना प्रथमच संताप आला.

दवाखान्यात काउंटरवर एक तरुण मुलगी बसली होती. "आजी, नाव, वय, तक्रार?"

"तक्रार माझ्याच विरुद्ध आहे. मला आत जायचंय."

"कोणती दाढ?"

"माझ्या सगळ्या दाढा शाबूत आहेत."

"मग आत कशाला?"

"आतली पेशंट माझी सून आहे."

"नातेवाइकांनी बाहेर बसायचं. नंबर घ्या."

"मी नातेवाईक म्हणून आले नाही. मी आरोपी म्हणून आलेय!"

"सगळे असंच काहीतरी सांगतात," सुजल्या गालाचा एक गृहस्थ बाकावरून म्हणाला. "मग मधे घुसतात. मी सकाळपासून बसलोय." बाकावरचे बाकीचे गाल त्याच्याशी सहमत झाले. रांग मोडणाऱ्या माणसाकडे रेक्टरबाई जन्मभर ज्या नजरेने पाहत आल्या, ती नजर आज प्रथमच समोरून त्यांच्याकडे येत होती, आणि ती किती बोचते याची त्यांना कल्पना नव्हती.

तेवढ्यात आतल्या दारावरचा लाल दिवा लागला.

"थांबा!" रेक्टरबाई ओरडल्या.

हा आवाज तीन मजले आणि गच्ची यांच्यासाठी घडवलेला होता. गाल थांबले, काउंटर थांबला, रस्त्यावरची एक सायकलही थांबली. दार उघडून डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या मागे, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत जड ॲप्रन घातलेली सून उभी होती.

"आई? काय झालं? यांना काही...?"

"तो बरा आहे. एक्स-रे काढू नकोस."

"अहो, मी गरोदर आहात का म्हणून विचारलं होतं," डॉक्टर म्हणाले. "या नाही म्हणाल्या."

"ती नाही म्हणाली ते माझ्यामुळे," रेक्टरबाई म्हणाल्या. ज्याने त्याने आपला गाल सोडून कान पुढे केला. खोलीत जाऊन बोलता आले असते. पण खोलीत जाईपर्यंत आपला धीर टिकेल याची त्यांना खात्री नव्हती, म्हणून त्यांनी सगळे तिथेच सांगितले: ऊं, सफाई, उशाजवळची अदलाबदल, वाटी आणि तुटलेला पारा. "तुझं उतरलं नसेल. माझा खाली दाखवतो. कदाचित पहिल्यापासूनच."

सुनेचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "तुम्ही माझा थर्मामीटर बदललात?"

"हो."

"मी सोंग करते म्हणून?"

"हो."

"आई, मी तुमच्या वसतिगृहातली मुलगी नाही."

"नाहीस," रेक्टरबाई म्हणाल्या. "त्यांचंही चुकलंच माझ्याकडून."

सुनेने ॲप्रनची कड मुठीत धरली. मग तिचा आवाज अगदी बारीक झाला. "म्हणजे... अजून वरच असेल?"

हो म्हणण्यासाठी रेक्टरबाईंचे ओठ उघडले होते. "मला माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "मला फक्त एवढंच माहीत आहे की माझा खोटं बोलतो."

"एक्स-रे अजून काढलेला नाही, दाढेचं नंतर बघू," तिचा ॲप्रन उतरवत डॉक्टर म्हणाले. "आधी ते बघून घ्या." आणि सुजल्या गालाच्या गृहस्थाला सकाळपासून प्रथमच आत घेण्यात आले.

घरी येईपर्यंत सून एक अक्षर बोलली नाही. संध्याकाळी नाही, जेवताना नाही. दुसऱ्या सकाळी दाराबाहेरचे टेबल कोणी पुसले नाही. रेक्टरबाई स्वयंपाकघरात, ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या, आणि न विचारण्याचे काम करीत होत्या. हे काम माळे रिकामे करण्यापेक्षा पुष्कळ जड आहे, असा त्यांना अनुभव आला.

मग मागून पावले आली. पुढे सून, मागे मुलगा. सुनेच्या हातात एक पांढरी पट्टी होती.

"तापमान वर आहे," सून म्हणाली. "पण मी आता कशावर विश्वास ठेवत नाही. म्हणून हे केलं. एक रेघ ठळक आलीय. दुसरी... हे म्हणतात नाहीच. मला वाटतं आहे. तुम्ही बघा."

"मी?"

"कोणाचंही काही खरं न मानणारं घरात दुसरं कोण आहे?"

रेक्टरबाईंनी हात पुसले. पट्टी घेतली. खिडकीशी गेल्या. चष्मा लावला, मग काढला, मग पदराने पुसून पुन्हा लावला. रेघ होती म्हटली तर होती. एखाद्या लाजऱ्या मुलीने हजेरीला हळूच "हो" म्हणावे आणि लगेच खाली बघावे, तशी होती. इतक्या बारीक आवाजाच्या हजेरीला त्यांनी आयुष्यभर गैरहजेरी धरले होते.

"आहे," त्या म्हणाल्या.

"नक्की?" सुनेने विचारले.

"नक्की नाही. पण आहे."

सून हसली, आणि हसता हसता तिने सासूच्या खांद्यावर डोके टेकले. त्या दोघींच्या ओळखीत असे आजवर झाले नव्हते. रेक्टरबाईंना आपला खांदा कसा धरावा हे कळेना, म्हणून तो त्यांनी तसाच ठेवला.

"आई, रडतेयस?" मुलाने विचारले.

"बडबड करू नकोस," रेक्टरबाई म्हणाल्या. पट्टी त्यांनी अजून सोडली नव्हती. "जा, आणखी एक चाचणी घेऊन ये. आणि दुसऱ्या दुकानातून आण. या दुकानदाराचा चेहरा मला पहिल्यापासून पटलेला नाही."